पांदणीचं कोणतं टोक आधी

"मॅडम, माह्या वेबसाइटवर माहा दुश्मन डोकावून राह्यला."

वाशीमच्या एका कोचिंग क्लासचे सर आमच्या ऑफिसात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच हे वाक्य त्यांनी टेबलावर टाकलं. मला वाटलं, कुणीतरी त्यांची वेबसाइट फोडली असावी. पाहिलं तर तसं काही नव्हतं. पान उघडताना, पापणी लवायच्या आत, त्यांच्याच गल्लीतल्या दुसऱ्या क्लासचं नाव झळकायचं आणि नाहीसं व्हायचं. मग सरांचं नाव, सरांचा फोटो, फुलांची कमान, सगळं व्यवस्थित.

"पोट्टे हसून राह्यले," सर म्हणाले. "म्हणतात, सर, तुमच्या क्लासच्या पोटात थोच क्लास हाये."

पोरांचं बरोबर होतं. वेबसाइट करून देणाऱ्याने आधी शेजारच्या क्लासची केली होती आणि तीच उचलून सरांना विकली होती. सरांचं नाव, पत्ता, फोटो एका वेगळ्या फाइलमध्ये होते. ती फाइल सर्व्हरवरून यायला जरासा वेळ लागायचा. तोवर थांबायचं असतं हे त्या पानाला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते आधीपासून पोटात असलेलं नाव दाखवून मोकळं व्हायचं. माझा धंद्यातला जोडीदार नीलेश याने चहा येईपर्यंत ते दुरुस्त केलं.

"काय केलं तुमी?" सरांनी विचारलं.

"पानाला थांबायला शिकवलं."

"आमच्या पोट्ट्यायले बी शिकवा मंग."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं की धंद्याबद्दल लिही, पण तुझ्या आईला कळेल असं लिही. माझी आई गेली काही वर्षं शेजारणींना सांगते, "माही प्रज्ञा कम्प्युटर दुरुस्त करते." मी कम्प्युटर दुरुस्त करत नाही. आमच्या गल्लीत कुणाचा प्रिंटर अडकला की मला बोलावणं येतं आणि मी जाते, कारण नाही म्हटलं तर आई खोटी पडते. माझं खरं काम म्हणजे वेबवर चालणारे अ‍ॅप्लिकेशन बनवणं. आमचं ऑफिस वाशीमला एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. दुकान, दवाखाना, संस्था, शेतकऱ्यांच्या कंपन्या, जो येईल त्याचं काम आम्ही करतो.

आता आईसाठी सांगते.

आपल्याकडे रोडग्याचं जेवण असतं. आचारी येतो. रोडगे कसे भाजायचे, वांग्याच्या भाजीला तर्री कशी आणायची, हे त्याच्या हातात असतं. ते यजमानाने सांगायचं नसतं. पण माणसं किती येणार, तिखट किती चालतं, लसूण टाकायचा की पंगतीत माळकरी आहेत, हे आचाऱ्याला ठाऊक नसतं. ते घरच्यांनी सांगायचं. चांगला आचारी गोवऱ्या पेटवायच्या आधी हे विचारून घेतो. वाईट आचारी आल्या आल्या गोवऱ्या पेटवतो आणि कालच्या गावात जे केलं तेच आज करतो.

आचाऱ्याच्या हातातलं जे, तो आमचा कोड. घरच्यांनी सांगायचं जे, त्याला आम्ही कॉन्फिगरेशन म्हणतो. सोयीसाठी सेटिंगची फाइल म्हणा. नाव काय, भाषा कोणती, कोणाला काय दिसावं, कोणता नियम लागू, हे सगळं त्या फाइलमध्ये. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना आधी ही फाइल आणायची, वाचायची, मगच पहिला पडदा उघडायचा. तुम्ही फोनवर बोट ठेवता आणि पान येतं, त्या मधल्या वेळात हे घडतं. माझ्या कमाईच्या वर्षांतला बराच काळ मी त्या मधल्या वेळात काम करण्यात घालवला आहे, आणि मला ते आवडतं.

फाइल आलीच नाही तर काय करायचं, हा या कामातला खरा प्रश्न. त्यावर बहुतेक लोक एक सोपं उत्तर देतात: कोडमध्येच एक उत्तर भरून ठेवायचं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. कुणी काही सांगितलं नाही तर हे धरून चाला. ऐकायला हे फार शहाणपणाचं वाटतं. माझा या शहाणपणावर विश्वास नाही. कुणी काही सांगितलं नाही तर काय धरून चालायचं, हे ज्याने ठरवलं तो माणूस कोण? त्याला कुणी निवडून दिलं होतं? आमच्या घरी वडील दर जयंतीला पुस्तिका आणि पत्रकांचं दुकान मांडत. मी त्या पत्रकांच्या घड्या घालत आणि घड्या घालता घालता वाचत मोठी झाले. रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर आधीपासून कोण बसलेलं आहे, हे विचारायची सवय तिथूनच लागली. ती कोडमध्येही सुटत नाही.

काही गिऱ्हाइकं मात्र आमची फाइलच मोडीत काढायला निघतात. एका मंगल कार्यालयाचे मालक म्हणाले, "आमचं सारं कोडमंधीच टाकून द्या. आमच्याकडे काईच बदलत नाई. आबाच्या टायमापासून दोन हॉल हायेत, दोनच राहतीन." मी त्यांचं न ऐकता हॉलची नावं फाइलमध्येच ठेवली. पुढल्या लगीनसराईच्या आधी दोघं भाऊ वेगळे निघाले. मधल्या भिंतीला दार होतं ते विटांनी बुजवलं, आणि एका हॉलला थोरल्याच्या मुलीचं, दुसऱ्याला धाकट्याच्या मुलाचं नाव लागलं. थोरले भाऊ फोनवर म्हणाले, "मॅडम, बदलाले किती दिवस लागतीन?" मी म्हटलं, झालं. मग म्हणाले, "तुमाले आमच्या घरचं पयलेच मालूम होतं का?"

मला त्यांच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. बदलणार नाही असं जो ठासून सांगतो, त्याचंच लवकर बदलतं, एवढं या धंद्याने शिकवलं आहे.

पण ज्या कामाबद्दल मला खरं सांगायचं आहे ते शेलूबाजारच्या बाजूच्या एका गावातलं.

तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली आणि सोयाबीन काढायला स्वतःचा थ्रेशर घेतला. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, झालं की शेतातच त्याचा ढीग रचतात. त्याला आम्ही सुडी म्हणतो. सुडीवर ताडपत्री टाकायची आणि थ्रेशरची वाट पाहायची. थ्रेशर ट्रॅक्टरला जोडलेला असतो आणि तो शेताशेताने पांदणीतून जातो. पांदण म्हणजे दोन बाजूंच्या धुऱ्यांमधला, शेताच्या बांधांमधला, कच्चा रस्ता. थ्रेशरवाल्यांची जुनी रीत अशी की पांदणीच्या तोंडाशी पहिली सुडी घ्यायची आणि आत आत जात शेवटाला पोचायचं. मशीन मागे फिरवायची नाही.

रीत सोयीची आहे. ती कोणासाठी सोयीची, ते पांदणीत उभं राहिलं की दिसतं. तोंडाशी मोठी वावरं आहेत. शेवटाला, नाल्याच्या काठाला, बौद्ध वस्तीतल्या लोकांची छोटी छोटी तुकड्यांची शेतं. परतीच्या पावसाची एक सर आली की काळ्या मातीची पांदण अशी होते की ट्रॅक्टर अर्ध्यातच रुततो. मग शेवटच्या सुड्या तशाच राहतात. ताडपत्री वरून झाकते. खालून ओल चढते, दाणे काळे पडतात, शेंगेतच कोंब येतात. म्हणून शेवटाचे लोक थ्रेशर पांदणीत शिरला की त्याच्या मागे मागे फिरायचे. ड्रायव्हरला चहा द्यायचा, तंबाखू द्यायची, हात जोडायचे, आणि घरची कामं टाकून दिवस दिवस मशीनजवळ उभं राहायचं. नजर हलली की मशीन दुसऱ्या पांदणीत.

शोभाबाई ही त्या शेवटाची. नाल्याकाठी तिचं शेत, नवरा नाही, मुलगी परभणीला नर्सिंगला. कंपनीच्या उन्हाळ्यातल्या सभेत ती उठली आणि म्हणाली, "कंपनीत सारखा हिस्सा घेतला ना आमच्याकून? मंग पाळी काहून सारखी नाई?" बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं की एका वर्षी पांदणीच्या शेवटापासून सुरू करायचं, दुसऱ्या वर्षी तोंडापासून. पहिलं वर्ष शेवटाचं. हात वर झाले. सगळे खुशीने वर झाले नव्हते, पण झाले.

आम्ही अ‍ॅप्लिकेशन बनवलं ते याच पाळ्या लावायला. सभासदाने फोनवर उघडायचं, आपली सुडी तयार आहे म्हणून सांगायचं, आणि आपला नंबर पाहायचा. सभेचा निर्णय मी सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिला: सुरुवात शेवटापासून. ती ओळ लिहिताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. एवढ्याशा ओळीने पांदण उलटी होत होती.

शेतांची यादी नीलेशने केली. त्यासाठी तो कंपनीच्या ट्रॅक्टरवर बसून पांदणीत गेला. ट्रॅक्टर रऊफभाई चालवत होते. ते या भागातले जुने थ्रेशरवाले. ते एकेका धुऱ्याकडे बोट करून नाव सांगत गेले आणि नीलेश मडगार्डवर बसून टिपत गेला. म्हणजे यादी आपसूक तोंडापासून शेवटापर्यंत झाली. नीलेशने तीच कोडमध्ये डिफॉल्ट म्हणून टाकली. मला म्हणाला, "तिकडे नेटचा भरोसा नाही. फाइल नाही आली तर लोकांना कोरं पान दिसेल. काहीतरी दिसलं पाहिजे ना." मी त्याला म्हटलं होतं की मला हे पटत नाही. पण हंगाम तोंडावर होता आणि आम्ही वाद पुढे ढकलला.

थ्रेशर निघायच्या सकाळी गावातली लाइट गेली आणि टॉवर मंदावला. कंपनीचं काम पाहणारे गजाननभाऊ, भला माणूस, ऑफिसच्या ओट्यावर उभं राहून फोन उघडत होते. अ‍ॅप्लिकेशनने सेटिंगची फाइल मागितली, थोडं थांबलं, कंटाळलं, आणि पोटातली यादी दाखवून मोकळं झालं. वर कंपनीचं नाव, खाली नंबरवार नावं, सगळं स्वच्छ. पहिलं नाव तोंडाशी असलेल्या बाबारावांचं. गजाननभाऊंना वाटलं, सभेनंतर संचालकांनी काही बदललं असेल. त्यांनी त्या पडद्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. रऊफभाईंनी तो पाहिला आणि मशीन बाबारावांच्या सुडीला लावली.

मला फोन शोभाबाईचा आला.

"प्रज्ञा, म्या माणसं बलावून ठेवली व. बहीण आली, तिचा जावई आला. मशीन तं तिकडेच घुमून राह्यली. सभेत काय ठरलं होतं मंग?"

"शेवटापासूनच ठरलं होतं, शोभाताई."

"मंग तुह्या फोनात दुसरं कायले दाखोते?"

मी नीलेशकडे पाहिलं. त्याला लगेच कळलं. तो गाडीची किल्ली घेऊन जिना उतरला.

वाटेत आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या दिशेला आभाळ दाटलेलं दिसत होतं. आम्ही पोचलो तेव्हा पांदणीच्या तोंडाशी गर्दी होती. बाबारावांची सुडी अर्धी झाली होती. मागच्या नंबरवाल्यांनी आपापल्या ताडपत्र्या काढून ठेवल्या होत्या. शोभाबाई आणि तिच्या बाजूची चारदोन माणसं शेवटाकडून चालत आली होती. तोवर लाइट आली होती, टॉवर सुधारला होता. कुणीतरी आपला फोन पुन्हा उघडला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत यादी उलटी झाली. पहिलं नाव शोभाबाईचं.

मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळेल. मी किती भोळी होते.

"हे काय होय?" एक जण म्हणाला. "सकाळी बाबारावचं नाव, अन् हे मॅडम आल्या का शोभीचं?"

"सकाळी फाइल आली नव्हती," मी म्हणाले. "आता आली."

"कोठून आली? तुमी आनली का?"

मग मागून आवाज आला, चेहरा दिसला नाही. "तुमच्यातलीच हाये ना व शोभे ही पोट्टी?"

शोभाबाई बौद्ध, मी बौद्ध. तेवढं पुरे होतं. सभेत हात वर करून झालेला निर्णय त्या एका वाक्यात माझी लबाडी होऊन बसला. मी खोटं काही केलं नव्हतं. खरा नियम होता तोच पडद्यावर होता. पण खोटी यादी आधी आली होती, आणि जे आधी दिसतं ते लोकांना मूळचं वाटतं. नंतर येतं ते कुणीतरी केलेलं वाटतं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि जे बोलणार होते ते सगळं खरं होतं, पण त्याने त्या दिवशी सुडी निघाली नसती.

शोभाबाईने माझा दंड धरला. "तू चूप राह्य," ती हळू म्हणाली. मग गर्दीकडे वळून, "सभेत कोन कोन होतं? हात कोनाचे होते, भुताचे?"

रऊफभाईंनी मशीन सावकाश केली. सगळे बाबारावांकडे पाहू लागले, कारण नुकसान झालं तर त्यांचं होतं. त्यांच्या आणखी सुड्या वरच्या वावरात तयार होत्या.

बाबाराव धुऱ्यावर बसले होते. ते म्हणाले, "हात माहा बी होता. मले पटलं नव्हतं, अजून बी नाई पटत. पण हात माहाच होता." मग उठत, "अन् पुढच्या साली माहं टोक पयलं हाये. आज म्या नियम मोडला तं तवा कोन पाळन?"

हे काही हृदयपरिवर्तन वगैरे नव्हतं. बाबाराव हिशेबी माणूस आहे. पण स्वतःच्या फायद्यासाठी का होईना, नियम सगळ्यांना बांधतो हे ज्याला समजलं, त्याच्याशी माझं भांडण नाही.

"लावलेली सुडी अर्धी सोडत नसतात," रऊफभाई म्हणाले. "एवढी काढतो, मंग जातो शेवटाले. पण खाली मशीन घेऊन एवढी पांदन जायाची म्हंजे नवरदेवाबिगर वरात."

"वाजंत्री लावू का?" शोभाबाई म्हणाली, आणि दोनचार जण हसले. हसणाऱ्यांत तोंडाकडचेही होते.

बाबारावांची ती सुडी संपली आणि थ्रेशर निघाला. मी मागून चालत होते. दोन्ही बाजूंना उघड्या पडलेल्या सुड्या आणि त्यांचे मालक हाताची घडी घालून उभे. मशीन त्यांच्या समोरून रिकामी जात होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी रामराम घातला नाही. आयुष्यभर शेवटाच्या लोकांनी तोंडाकडे ज्या नजरेने पाहिलं असेल, तशीच नजर त्या दिवशी तोंडाकडच्यांच्या डोळ्यांत होती. मला त्यात मजा वाटली नाही. मला वाटेल असं वाटलं होतं. उन्हाने काळवंडलेली ती माणसं आपापल्या ताडपत्र्या पुन्हा ओढून घेत होती, एवढंच मला दिसलं.

शोभाबाईची सुडी अंधार पडायच्या आत निघाली. दाण्यांची धार पोत्यात पडताना बहिणीने तोंडाला पदर बांधला, तिच्या जावयाने पोती शिवली. रऊफभाई मशीन बंद करून खाली उतरले तेव्हा शोभाबाईने त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "आज कायले देता? आज तं तुमचा नंबरच होता."

"आज पाहुने म्हून घ्या," ती म्हणाली.

आभाळ मानोऱ्याकडे सरकून गेलं. त्या आठवड्यात पाऊस आला नाही आणि तोंडाकडच्या सगळ्या सुड्या कोरड्या निघाल्या. आला असता तर मी हा लेख या सुरात लिहिला नसता, हे मला ठाऊक आहे. नियम बरोबर असूनही त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, आणि ते कुणीतरी दर वेळी गुन्हेगार नसतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं आणि नीलेशचं जे भांडण झालं ते खालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं. डिफॉल्ट काढून टाकायचा यावर वाद नव्हता. तो नीलेशने स्वतःच काढला होता. वाद माझ्या पुढच्या मागणीवरून झाला. मला सभेचा नियम कोडमध्येच बसवायचा होता, पक्का, आतून कडी लावून, म्हणजे उद्या संचालक बदलले, गावाची हवा बदलली, तरी कुणाला तो उलटवता येणार नाही.

"कोडला हात कोण लावू शकतं?" नीलेशने विचारलं.

"आपण."

"म्हणजे गावाच्या पाळ्या तू ठरवणार."

"मी न्यायाने ठरवते."

"तू ठरवशील. उद्या हे काम दुसऱ्याकडे गेलं, तो त्याच्या न्यायाने ठरवेल. तेव्हा शोभाबाईने कोणाला विचारायचं?"

मला त्याचा फार राग आला. ज्या गोष्टीसाठी मी डिफॉल्टवर दात खात होते, तीच गोष्ट मी करायला निघाले होते, फक्त या वेळी खुर्चीत मी होते. नियम फाइलमध्येच राहिला. सभासद सभेत बदलतील तसा बदलेल. ती सभा आम्हाला आवडेल तसं ठरवीलच असं नाही. त्यासाठी सभेत बोलणारी माणसं लागतात, आणि ती कोडने तयार होत नाहीत.

आम्ही केलं ते इतकंच: नियम आल्याशिवाय अ‍ॅप्लिकेशन उघडतच नाही. पडद्यावर एक वाक्य दिसतं: "कंपनीचा नियम अजून पोचलेला नाही. थांबा." आणि पोचला की यादीच्या वर, तो कोणत्या सभेत ठरला, हे आधी दिसतं, मग नावं. गजाननभाऊंनी फोनवर कुरकुर केली. "मॅडम, लोकं तकतक करतीन. नियम नाई आला तं कालचा दाखोत जा ना." मी म्हटलं, भाऊ, कालच्यानेच तर तमाशा झाला होता. ते म्हणाले, "थे बी खरं हाये."

हे छोटं काम आहे. शहरातल्या मोठ्या कंपन्यांत काम करणारे माझ्या वर्गातले मित्र यावर हसतील. त्यांच्याकडे अशी फाइल आणायला वेगळी यंत्रणा असते, वेगळी माणसं असतात. हसू देत. त्यांच्या पानांवर पांदण नाही.

पुढच्या हंगामात पाळी तोंडापासून होती. सभेत मी मुद्दाम जाऊन बसले होते; मला वाटत होतं की शेवटाच्या लोकांनी भांडून हे वर्षही आपल्याकडे घ्यावं, कारण चिखल तर त्यांच्याच वाट्याला येतो. शोभाबाईने एक मागणी मांडली: आभाळ आलं तर शेवटाच्या सुड्या पांदणीच्या तोंडाशी आणायला कंपनीची ट्रॉली द्यावी. ते मंजूर झालं. बाकी ठरलं तसंच ठेवलं. मी काही बोलणार होते, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी बोलले नाही.

थ्रेशर निघायच्या सकाळी मी गावात होते. टॉवर नेहमीसारखाच रुसलेला. पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा, बाबारावांची सुडी समोर, माणसं हातात दाताळं घेऊन तयार. गजाननभाऊंच्या फोनवर ते एक वाक्य. पहिला नंबर बाबारावांचा हे सगळ्या गावाला तोंडपाठ होतं. मशीन चालू केली असती तर कुणी अडवलं नसतं.

रऊफभाई म्हणाले, "बाबाराव, लावू का? तुमचाच तं हाये."

"आला का नियम?"

"नाई अजून."

"मंग थांब."

आणि सगळे थांबले. कुणी तंबाखू मळली, कुणी धुऱ्यावर टेकलं. बाबाराव आपल्याच सुडीजवळ उभे, आपल्याच नावाची वाट पाहत. मी शोभाबाईकडे पाहिलं. मला वाटलं ती हे डोळे भरून पाहत असेल. ती कमरेला पदर खोचत होती.

"जातो व मी," ती म्हणाली. "तुरीत निंदन राह्यलं."

"थांबत नाही? यादी येईल आता."

"माहा नंबर हाये ना त्याच्यात?"

"आहे."

"मंग कायले थांबू?"

ती पांदणीने निघाली. मशीनकडे पाठ करून, घाई न करता, मागे एकदाही न पाहता.